सर्वांत कमी दराचे दिवे

आमच्या हॉलच्या छतात अठरा भोकं आहेत. ती बिल्डरने पाडली, आम्ही नाही. प्रत्येक भोक आमटीच्या वाटीएवढं आणि प्रत्येकात एक स्पॉटलाइट. फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलो तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने एक बटण दाबलं, अठराच्या अठरा दिवे एकदम लागले आणि मी बावळटासारखी खूश झाले. "मॅडम, फॉल्स सीलिंग फ्री है," असं ती म्हणाली होती. त्या फुकटच्या छताने पुढे आमचा जो छळ मांडला तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्याआधी बावीस वर्षं आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली होती. आमचे हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आणि नोकरीचा बहुतेक काळ खरेदी विभागात. क्वार्टरमध्ये प्रत्येक खोलीत एक ट्यूबलाइट. ती गेली की कॉलनीतल्या इन्क्वायरीत जाऊन वहीत तक्रार लिहायची. मग सवडीने सरकारी इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन यायचा आणि बदलून जायचा. त्यामुळे रिटायर होऊन आम्ही गुडगावला आलो (तेव्हा कुणी त्याला गुरुग्राम म्हणत नसे) तोपर्यंत या माणसाने आयुष्यात एक दिवा स्वतः विकत आणलेला नव्हता. मी चेष्टा करत नाही. नव्या घरात पहिला दिवा गेला त्या दिवशी ह्यांनी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तक्रारवही मागितली. तिथल्या मॅनेजरने "सर, फ्लॅट के अंदर का तो आपका है" असं सांगितल्यावर अपमान झाल्यासारखं तोंड करून परत आले.

माझं त्या दिव्यांवर काय अडत होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे मी एवढी का भडकले ते कळेल. मी साड्या विकते. दुकान नाही, घरातूनच. येवल्याचा एक विणकर आणि ओळखीचे दोन व्यापारी मला माल पाठवतात. दिल्लीत काय मिळत नाही? सगळं मिळतं. पण आपल्याकडची काठापदराची साडी हवी असली, मुलीच्या लग्नाला किंवा ओटी भरायला, की जुन्या कॉलन्यांमधल्या, कँटोन्मेंटमधल्या, नव्या सोसायट्यांमधल्या मराठी बायका माझ्याकडे येतात. इथे वाढलेल्या मुलींना लाल, पिंक, ग्रीन आणि ब्लू एवढेच रंग येतात. त्यांना आमसुली कुठली, अंजिरी कुठली, चिंतामणी म्हणजे काय, हे मी साडी पुढ्यात टाकून शिकवलंय. "काकू म्हणाल्या म्हणजे झालं" असं म्हणून बायका साडी उचलतात. माझ्याकडे ना पाटी, ना काऊंटर, ना बिल बुक. माझा शब्द हाच माझा धंदा, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

बिल्डरने लावलेले ते मूळचे हॅलोजन दिवे साडीसाठी झकास होते, हे कबूल करायला हवं. त्यांच्याखाली जर उठून दिसायची आणि डाळिंबी रंग डाळिंबीच दिसायचा. पण तापायचे किती. पन्नास वॉटचा एकेक दिवा, असे अठरा. मे महिन्यात वर शेगड्या आणि खाली एसी, अशी आमच्या हॉलची अवस्था. शिवाय दर पंधरा दिवसांनी एखादा जायचा. आणि सगळ्यात कहर म्हणजे गुडगावची वीज. दिवसातून चार वेळा जायची, मग सोसायटीचा जनरेटर लागायचा. जनरेटरवर प्रत्येक फ्लॅटला ठरावीक लोड. आमच्याकडे अठरा दिवे, फ्रीज आणि एक पंखा झाला की लोड संपला, खटकन अख्ख्या घराची वीज बंद. पुढ्यात बारा साड्या उलगडलेल्या, समोर गिऱ्हाईक, आणि काळोख. मग यांनी खाली इंटरकॉम करायचा, खालच्या माणसाने म्हणायचं, "सर, लोड कम करो." हे महिनोन्‌महिने चाललं.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, वीज कमी खाणारे दिवे आणा ना कुठले तरी. सगळे आणताहेत."

माझ्याच तोंडाने म्हटलं. त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकरणाची सुरुवात मी केली असं हे आजही ऐकवतात.

पहिल्यांदा आल्या त्या सीएफएल. तेव्हा सगळीकडे त्यांचंच वारं होतं. ह्यांनी दीड डझन एकदम आणल्या, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की त्या पेचदार नळ्या या भोकात मावतच नाहीत. इलेक्ट्रिशियनने होल्डर बदलून कशातरी बसवल्या तर त्या छतातून दोन-दोन बोटं खाली लोंबायला लागल्या. बटण दाबलं की आधी विचार करायच्या, मग मिणमिणायच्या, मग दोन मिनिटांनी उजेड. आणि तो उजेडही पांढराफटक, दवाखान्यातल्यासारखा. राणी रंगाची साडी शिळ्या बिटासारखी दिसायला लागली. एक बाई तर म्हणाली, "काकू, पिछली बार तो आपके यहाँ कलर किती सुंदर होते." मी त्या रात्रीच्या जेवणात मीठ जास्त टाकलं, मुद्दाम नाही, पण टाकलं.

आठवड्याभरात त्या उतरवल्या. तोवर बाजारात एलईडीचे छोटे दिवे यायला लागले होते. अगदी हॅलोजनच्याच मापाचे, पाच वॉट, सहा वॉट. मी सुटले असं वाटलं. पण एकदा फटका बसल्यामुळे ह्यांच्यातला खरेदी अधिकारी जागा झाला होता. "आता घाई नाही," हे म्हणाले. "रीतसर करू."

रीतसर म्हणजे काय, ते मी बघत बसले. हे मेट्रोने चांदणी चौकाकडच्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. तिथे दुकानदाराने विचारलं, पिनवाला की फिरवून बसणारा? बारा व्होल्टचा की सरळ विजेवरचा? ह्यांना माहीत नव्हतं. हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून एक दिवा काढला, त्याच्या पिना मोजल्या, वर हात घालून तो लहानसा ट्रान्सफॉर्मर चाचपला, त्यावरची अक्षरं मला वाचायला लावली, मी खालून शिडी धरून "चष्मा नाहीये माझा, काय वाचू" म्हणून ओरडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाजार. मग तीन दुकानांची तीन कोटेशनं आली. मग डायनिंग टेबलवर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसून ह्यांनी तुलनात्मक तक्ता काढला. वॉट, पिन, गॅरंटी, उजेड पिवळा की पांढरा, दर. तक्ता इतका देखणा होता की क्षणभर मलाही कौतुक वाटलं.

"यात साडीचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"कसला साडीचा?"

"या दिव्याखाली साडीचा रंग कसा दिसतो त्याचा."

"रंग लिहिलाय की. वॉर्म."

"तो दिव्याचा. मी साडीचा विचारतेय."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ते मोजता येत नाही," हे शांतपणे म्हणाले. "जे मोजता येत नाही ते तक्त्यात टाकता येत नाही."

मी म्हटलं, मग एकेक नमुना आणा, लावून बघू, मी सांगते. तर म्हणे, नमुना मागवून मग घेतला नाही तर दुकानदारावर अन्याय होतो. सगळ्या अटी तिघेही पूर्ण करत होते, तेव्हा ज्याचा दर सर्वांत कमी त्याचा माल घ्यायचा. याला त्यांच्या ऑफिसात एल-वन म्हणतात. सत्तावीस वर्षं हे एल-वन घेत आले. कधी कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, एकही चौकशी झाली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा मला माझ्या डोळ्याचा होता. त्यामुळे आमच्या घरात एल-वन दिवे आले. कुठल्या कंपनीचे ते खोक्यावरही धड लिहिलेलं नव्हतं.

लावले, आणि लुकलुकायला लागले. अठराही, आपापल्या तालात. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला, वर बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ये ट्रान्सफॉर्मर पचास वॉट के लिए है. इसको लगता है नीचे बल्ब है ही नहीं." म्हणजे दिवे इतकी कमी वीज खायचे की ट्रान्सफॉर्मरला त्यांचा पत्ताच लागत नव्हता. मग अठरा ट्रान्सफॉर्मर काढले, सरळ विजेवरच्या नव्या जोडण्या केल्या, फॉल्स सीलिंगचा चुरा माझ्या सोफ्यावर, माझ्या दिवाणावर, माझ्या साड्यांच्या कपाटाच्या फटीत. दिवे बदलून आणायला पुन्हा बाजार, पुन्हा तोच दुकानदार, पुन्हा तोच सर्वांत कमी दर. चार दिवस मी कुणालाही घरी बोलावू शकले नाही. माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी लागले. स्थिर लागले. जनरेटरवरही घर सुरू राहिलं. हे दोन्ही हात पाठीमागे बांधून हॉलमध्ये फिरले आणि म्हणाले, "बघ."

मी बघत होतेच. उजेड पिवळा होता, पण हॅलोजनसारखा नव्हता. मेल्यासारखा होता. सगळ्या साड्यांवर कुणीतरी चहाचं पाणी ओतल्यासारखं वाटायचं. मोरपिशी आणि चिंतामणी मला सांगता येईनात. मी यांना दहा वेळा म्हटलं, हे दिवे रंग खातात. हे म्हणायचे, सवय होईल. अकराव्या वेळी म्हणाले, "तक्रार असेल तर लेखी दे." मी चिडून खरंच कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि फ्रीजवर लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात "पाहिले" असं लिहिलेलं होतं. मी हात टेकले.

हे सगळं झालं ते डिसेंबरात. मग जानेवारीचं धुकं सुरू झालं. आमच्यासमोर दुसरा टॉवर, त्यामुळे एरवीही हॉलमध्ये ऊन येतं ते तासभर. त्या महिन्यात तर दुपारी बारालाही दिवे लावावे लागायचे. संक्रांतीसाठी येवल्याहून काळ्या चंद्रकळा आल्या होत्या, त्या भराभर गेल्या, एकच राहिली. त्याच पार्सलमध्ये एक हिरवी होती. खास मागवलेली. तोच काठ, तोच पदर, अंग गर्द हिरवं. ती सुभेदारीणबाईंसाठी होती.

सुभेदारीणबाई म्हणजे कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारसाहेबांच्या पत्नी. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. किती वर्षं माझ्याकडे येत होत्या. त्यांच्या युनिटमधल्या निम्म्या बायका त्यांनीच माझ्याकडे आणल्या. येताना कधी घरची शेंगदाण्याची चटणी आणायच्या, कधी लेकीच्या हातचे लाडू. सोफ्यावर बसायला सांगितलं तर अगदी कडेला बसायच्या. त्यांच्या त्या लेकीचं दोनदा पोटातलं गेलं होतं. तिसऱ्या वेळी जावयाने तिला दिल्लीला आईकडे आणून ठेवलं, इथल्या मिलिटरी दवाखान्यात दाखवता येतं म्हणून. आता सातवा लागला होता, डोहाळजेवण करायचं होतं. "हिरवीगार पायजे, ताई," त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. "लेकीला पहिल्यांदा एवढं सातव्यापत्तर आलंय. काही कमी पडायला नको." गावाहून जावयाची आई मुद्दाम येणार होती. सगळ्या बायकांसमोर ती साडी लेकीच्या ओटीत पडणार होती.

त्या आल्या संध्याकाळी. बाहेर धुकं, आणि त्यांना परत कँटोन्मेंटला जायचं म्हणून घाई. मी कपाटातून साडी काढली. उलगडली. आणि मला शंका आली. खोटं का बोलू? एका दिव्याखाली धरली, मग दुसऱ्या दिव्याखाली धरली. त्या उजेडात अंग गडद होतं, एवढंच दिसत होतं. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट होती, ती आम्ही क्वार्टरमधल्यासारखी मुद्दाम लावून घेतली होती. हॉलपासून चार पावलं. साडी घेऊन तिथे जायचं, एवढंच करायचं होतं. पण समोर सुभेदारीणबाई बसलेल्या, आणि मी, जी सगळ्या दिल्लीला रंग शिकवते, ती काय हिरवं आणि काळं ओळखायला स्वयंपाकघरात पळू? आणि हे पलीकडे पेपर वाचत बसलेले. त्यांच्यासमोर तर मला ते करायचंच नव्हतं, कारण मग पुन्हा दिव्यांचा विषय निघाला असता, आणि मी एका परक्या बाईसमोर भांडले असते.

"गर्द हिरवी आहे," मी म्हटलं. "लेकीला खुलेल."

त्यांनी साडीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर छानच असणार." मी घडी घातली, खोक्यात ठेवली, वर लाल रिबन बांधली.

डोहाळजेवण तिसऱ्या दिवशी दुपारी होतं. मलाही बोलावलं होतं. त्या दिवशी धुकं फाटलं होतं, कित्येक दिवसांनी कडक ऊन पडलं होतं. त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, युनिटच्या वीसेक बायका, मधे पाट, पाटाभोवती रांगोळी. लेक पाटावर बसली होती, फुलांच्या दागिन्यांत, घाबरलेली आणि आनंदलेली. तिची सासू शेजारी. सुभेदारीणबाई खोकं घेऊन आल्या, रिबन सोडली, झाकण काढलं, आणि साडी दोन्ही हातांवर घेऊन पुढे केली.

काळी होती. उन्हात काळीभोर, शंका घ्यायलाही जागा नव्हती.

लेकीने आईकडे बघितलं. सासूबाईंनी हात पुढे करून साडी हळूच खोक्यात परत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "राहू दे. आत ठेवा." सुभेदारीणबाई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांची स्वतःची जुनी हिरवी साडी होती, घड्यांवर विरलेली. लेकीने तीच ओटीत घेतली, मग तीच नेसली. बायकांनी गाणी म्हटली. मला ताट वाढलं, आग्रहाने जिलेबी वाढली. एका बाईने माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माफी मागायला मी सुभेदारीणबाईंना गाठलं तर त्या म्हणाल्या, "असू दे ताई, होतं कधी. जेवला का नीट?" आणि दुसऱ्या पंक्तीकडे वळल्या.

मी या असल्या गोष्टी मानत नाही. काळ्या साडीने काही होत नाही, हे मला चांगलं कळतं. पण त्या मुलीचं दोनदा गेलं होतं. गाडीत बसल्यावर मला तेच आठवत राहिलं. दोनदा.

घरी येऊन मी जे भांडले तसं लग्नाच्या इतक्या वर्षांत भांडले नव्हते. "तुमचा एल-वन," मी म्हटलं. "तुमचा तक्ता. हिरवं आणि काळं एक दिसतं तुमच्या दिव्यात. माझी अब्रू घालवलीत, त्या पोरीचा दिवस घालवलात." ह्यांनी उठून कपाटातून ती हिरवी काढली, दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये उभे राहिले, मग बाल्कनीत गेले, मग पुन्हा आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कोट घालून, ती साडी घेऊन एकटेच कँटोन्मेंटला गेले. दुपारी परतले. हातात काळी साडी, इस्त्री केल्यासारखी चापूनचोपून घडी घातलेली. "हिरवी ठेवून घेतली त्यांनी," हे म्हणाले. "मी सांगितलं, चूक माझ्या खरेदीची आहे. चहा दिला." एवढं बोलून ते आत गेले. फाइल होती तक्त्याची, ती मला नंतर रद्दीत सापडली.

मग दिवे मी आणले. मी त्या काळ्या साडीचा आणि दुसऱ्या एका हिरव्या साडीचा ब्लाउजपीस पर्समध्ये घातला, बरोबर आमसुली, मोरपिशी आणि चिंतामणीचा एकेक तुकडा, आणि त्याच बाजारात गेले. अख्खी दुपार. प्रत्येक दुकानात म्हटलं, दिवा लावा, आणि त्याच्याखाली तुकडे पसरले. पहिल्याने हाकललं. दुसरा म्हणाला, "मॅडम, बल्ब लेना है कि सूट सिलवाना है?" तिसऱ्याने मात्र तीन-चार दिवे काढून खरंच लावून दाखवले, आणि एका खोक्यावर बोट ठेवलं. रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा छापलेला होता. म्हणजे मोजता येत होतं. इतके दिवस मोजता येत होतं, कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे उभ्या उभ्या इतकी चिडले की दुकानदाराला वाटलं मी त्याच्यावर रागावलेय. दर ह्यांच्या दिव्यांच्या तिप्पट होता. मी अठरा घेतले.

ते लागले त्या दिवशी हिरवं हिरवं दिसलं आणि काळं काळं. वीजही तेवढीच कमी. हे शिडी धरून उभे होते. आणि मला काडीचा आनंद झाला नाही. दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. सुभेदारीणबाईंना फोन करायचं धाडस होत नव्हतं, न केल्याची लाज वाटत होती. मानत नाही म्हणणारी मी, त्या दोन महिन्यांत कितीदा हात जोडले ते मलाच माहीत. गिऱ्हाईकं यायची, मी साड्या दाखवायची, आणि भेटेल त्याला दिव्यांची गोष्ट सांगायची, ह्यांच्या तक्त्याची, त्या दुकानदाराची, ट्रान्सफॉर्मरची. सांगायची आणि हसवायची. काळ्या साडीचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

मार्चअखेर सुभेदारीणबाई स्वतः आल्या. हातात पेढ्यांचा डबा. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. मला रडू कोसळलं, त्यांच्यासमोरच. त्या घाबरल्या, उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग मी एवढे दिवस साठवलेलं सगळं एका दमात बोलले. त्या दिवशीचं माझ्या मनातून जात नाही. दिवे वाईट होते. त्या उजेडात हिरवी आणि काळी सारखीच दिसायची, कुणालाही कळलं नसतं.

"मला कळलं होतं, ताई," त्या म्हणाल्या.

मी पदराने डोळे पुसले.

"मला काळीच दिसली होती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, जरा संकोच होता, जणू चूक त्यांचीच होती. "घरी जाऊन सुद्धा झाकण काढलं नाही मी. भीती वाटली. म्हटलं, तुम्ही हिरवी म्हणालात म्हणजे हिरवीच असणार. तुमच्यापुढं मी कशी बोलू?"

माझा शब्द, माझा शब्द म्हणून इतकी वर्षं मी जो मिरवत होते, त्याच्यापुढे ही बाई आपल्या लेकीसाठीसुद्धा तोंड उघडू शकली नव्हती.